चार्ट मागे ठेवा, आधी चक्कीवर चला

नागपूरच्या मानेवाडा भागातल्या एका नर्सरीत शिकवणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या वर्गात ३ ते ४ वर्षांची २२ मुलं आहेत. ‘आपले मदतनीस’ हा विषय दोन आठवड्यांत संपवायचा आहे. चार्टवरचे बारा मदतनीस मुलं धडाधड ओळखतात, पण परवा शाळेच्या दारात खरा पोस्टमन उभा राहिला तेव्हा एकालाही तो ओळखता आला नाही. सहलीसाठी पैसे नाहीत आणि मुख्याध्यापिका मुलांना बाहेर न्यायला कचरतात. मग हा विषय शिकवायचा कसा, असं ताई विचारतात.

ताई, तुमच्या मुलांचं काहीच चुकलेलं नाही. खाकी टोपी आणि खांद्यावर झोळी दिसली की ‘पोस्टमन’ म्हणायचं, एवढंच आपण त्यांना शिकवलं आणि तेवढं ती चोख शिकली. दारातला माणूस हेल्मेट घालून गाडीवरून उतरला, मग ते चित्र जुळणार कसं? मी नागपुरात सव्वीस वर्षं बालवाडीच्या वर्गात काढली आणि आता शिक्षिकांची प्रशिक्षणं घेते. पहिली पाच-सहा वर्षं मीही असाच चार्ट टांगून हा विषय शिकवला. तो बंद केला, कारण साडेतीन वर्षांचं मूल माणसाला कामाच्या नावावरून ओळखत नाही. तो माणूस हातांनी काय करतो, त्यावरून ओळखतं. ओततो, कापतो, ठोकतो, शिवतो, चाळतो हे आधी त्याच्या डोळ्यांत आणि बोटांत शिरतं, आणि ‘सुतार’, ‘शिंपी’ हे शब्द त्यावर मागाहून बसतात. चार्टवर हा क्रम उलटा होतो.

म्हणून तुमच्या बारा मदतनिसांतले दहा आत्ता बाजूला ठेवा. दोन आठवड्यांत दोनच कामं घ्या, पण अशी घ्या की मुलं ती घरी जाऊन करून दाखवतील. पहिलं काम मी नेहमी पिठाच्या चक्कीचं निवडते. चक्की नागपूरच्या कुठल्याही वस्तीत शाळेपासून पाच-सात मिनिटांवर सापडते, पैसे लागत नाहीत, आणि त्या पिठाची पोळी मुलाच्या डब्यात असतेच.

चक्कीवर काय होतं ते सांगते. आत शिरताच पहिला येतो आवाज. दोन-तीन मुलं कानांवर हात ठेवतात, एखादं रडतंही. म्हणून पहिली दोन मिनिटं बाहेरच उभं राहायचं आणि आवाज कशाचा असेल ते विचारायचं. मग आत. चक्कीवाले काका डब्यातले गहू वरच्या टोपल्यात ओततात, गहू सरसर खाली जातात, दिसेनासे होतात. खाली बांधलेल्या कापडी पिशवीतून पीठ डब्यात पडतं. काका मध्येच हात घालतात, चिमूटभर पीठ अंगठा आणि बोटाच्या मध्ये चोळतात, चक्कीचा दांडा थोडा फिरवतात आणि पुन्हा चोळून बघतात. माझ्या एका वर्गातल्या मुलाने विचारलं, “काका, तुम्ही पीठ का पकडता?” काकांनी कामात असतानाच उत्तर दिलं, “जाड आलं तर तुझ्या आईची पोळी फाटते ना बाप्पा.” आणि त्याच्या तळहातावर थोडं पीठ ठेवलं. पोरगा ओरडला, “गरम आहे!” मग सगळ्यांना ते गरम पीठ हातात हवं झालं. घरच्या डब्यातलं पीठ थंड असतं आणि चक्कीतून निघताना गरम असतं, ही गोष्ट त्या दिवशी आलेली सगळी मुलं आपल्या हाताने शिकली. तुम्हालाही एक गोष्ट तिथे नव्याने दिसेल: डब्याच्या झाकणावर खडूने लिहिलेलं नाव आणि वजन. अक्षर कशासाठी असतं, हे मुलांना दाखवायला मला याहून चांगली जागा सापडलेली नाही. आपला डबा दुसऱ्याच्या घरी जाऊ नये म्हणून काका लिहितात, हे मुलांना लगेच कळतं.

आता तयारीचं बोलू. सगळा खेळ तयारीवर आहे.

मुलांना न्यायच्या आधी तुम्ही एकट्या जा, तीही दोन वेळा. गर्दी कधी नसते ते काकांना विचारा. बहुतेक चक्क्यांवर सकाळचं आणि संध्याकाळचं दळण जोरात असतं, मधला वेळ मोकळा मिळतो. पट्टा कुठे फिरतो, विजेची वायर कुठे आहे, मुलं कुठवर उभी राहतील ते बघून खडूने जमिनीवर रेघ मारून घ्या. काकांना सांगा, “भाषण नको, तुम्ही फक्त काम करा, मुलं बघतील.” हे सांगावंच लागतं. नाहीतर चांगला माणूससुद्धा पाहुण्यांसमोर अवघडून ‘बच्चों, हे आहे गव्हाचं पीठ’ असं सुरू करतो आणि त्याचे हात थांबतात. आपल्याला ते हातच बघायचे आहेत.

बावीसच्या बावीस मुलं एका वेळी नेऊ नका. तीन दिवस, रोज सात-आठ मुलं, सोबत तुम्ही, मावशी आणि एखादी आई. तेवढ्याने पुरतं. एक लांब सुती दोरी घ्या, हात-हात अंतरावर गाठी मारा, प्रत्येक मूल आपली गाठ धरून चालेल. रिबिन नको, ती हातातून सुटते. रस्ता ओलांडायच्या जागी एका मोठ्या माणसाने आधी जाऊन उभं राहायचं. तिथे पोचल्यावर दहा मिनिटं भरपूर झाली. पंधराव्या मिनिटाला मुलांचं लक्ष बाहेरच्या कुत्र्याकडे गेलेलं असतं, आणि तेही ठीकच आहे. लेखी परवानगी पालकांकडून घ्या, फोटो काढायचे असतील तर त्याची वेगळी घ्या. काकांनाही विचारा. आपला फोटो कुठे जातो हे जाणण्याचा हक्क त्यांनाही आहे.

परत आल्यावर कृपा करून रंगवायचा कागद देऊ नका. वर्गाच्या कोपऱ्यात चक्की मांडा. पुठ्ठ्याचं खोकं, वरून कापलेलं भोक, खाली बांधलेली उशीची खोळ, दोन-तीन रिकामे डबे, एक जुना तराजू, मोठी ज्वारी आणि बारीक रेती. दाणे नाका-कानात जातात, म्हणून तिथे कुणीतरी मोठं माणूस बसलेलं हवं. बाकी काही सांगू नका. बसा आणि ऐका. मुलांना विषय कळला की नाही ते मला तिथे समजतं, चाचणीत नाही. एक मुलगी, जी वर्गात महिनाभर बोललीच नव्हती, रेतीत बोटं घालून चोळत बसली होती. शेजारच्या पोराने डबा पुढे केला तर तिने मान हलवली आणि म्हणाली, “अजून जाड आहे, थांब.” चक्कीवाल्यांचं काम तिला किती कळलं होतं ते मला त्या चार शब्दांत दिसलं.

दुसरं काम पोस्टमनचंच घ्या, कारण तो तुमच्या दारात येऊन गेलाय. पण सुरुवात पोस्टमनपासून करू नका, पत्रापासून करा. ५० पैशांची बावीस पोस्टकार्डं घ्या, अकरा रुपये होतात. प्रत्येक मूल त्यावर काय हवं ते काढेल, तुम्ही पत्त्याच्या बाजूला त्याच्या घरचा पत्ता आणि पिनकोड लिहा. मग दोरी धरून सगळ्यात जवळच्या लाल पेटीपर्यंत चालत जा आणि प्रत्येकाला आपलं कार्ड आपल्या हाताने आत टाकू द्या. उचलून घ्यावं लागलं तरी चालेल. त्यानंतर वाट बघायची. रोज सकाळी विचारायचं, कुणाचं कार्ड आलं? दोन-चार दिवसांनी एकाच्या घरी कार्ड पोचतं, तो ते घेऊन वर्गात येतो आणि बाकीचे एकवीस घरी जाऊन दारात उभे राहतात. आता पोस्टमन हेल्मेट घालून आला तरी ओळखू येतो, कारण मुलाला त्याच्याकडून काहीतरी हवं आहे. एखाद्याचं कार्ड हरवलंच तर तुम्ही गुपचूप दुसरं टाका. मी दरवर्षी दोन-तीन कार्डं जास्तीची ठेवायचे.

(पत्ता लिहिताना माझ्या मनात नेहमी येतं, हे तुमच्यासाठी, मुलांसाठी नाही: पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली आणि तिची आखणी करणारे टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपल्याच मराठी मुलखातले, संस्कृतचे मोठे जाणकार. आपल्या नागपूरचे पिनकोड ४४० ने सुरू होतात. मुलांना एवढंच पुरे की हा आकडा बघून कार्डाला रस्ता सापडतो.)

उरलेली दहा कामं सोडायची नाहीत, वर्षभर पसरायची. आपल्याकडे ऋतू बदलला की रस्त्यावरची कामंही बदलतात, आणि हे नागपूरच्या शिक्षिकेला मिळालेलं मोठं धन आहे. शाळा जूनच्या शेवटी उघडते, पहिला पाऊस पडतो, फुटपाथवर छत्री दुरुस्त करणारे दिसू लागतात. पोळ्याच्या आधी सुतार लाकडी बैलांना चाकं लावत बसलेला असतो. तान्हा पोळ्याला आपले पोट्टे तोच बैल ओढत घरोघरी जातात, मग तो बनतो कसा हे त्यांनी बघायला नको? रंधा फिरला की लाकडाच्या कुरळ्या पट्ट्या निघतात, त्या पिशवीभर मागून आणा, आठवडाभर मुलं त्यांच्याशी खेळतील. त्याच सुमाराला महाल भागातल्या चितारओळीत गणपती रंगत असतात. तिथे मात्र गर्दी होण्याच्या बऱ्याच आधी जा, पाच-सहाच मुलं घेऊन. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी चालू असलेली दिसली तर नशीब. हातात बारीक ब्रश धरलेला तो माणूस श्वास रोखून रेघ ओढतो आणि एरवी एक मिनिट गप्प न बसणारी मुलंही नकळत श्वास रोखतात.

दिवाळीनंतर संत्री. कळमन्याच्या बाजारात लहान मुलांना नेऊ नका. ट्रक, हमाल, लिलावाची घाई यात तुमचा जीव मुलं मोजण्यातच जाईल. कोपऱ्यावरच्या ठेल्यावर जा, दोन डझन संत्री मुलांनीच निवडून घेऊ द्या आणि वर्गात सोलता सोलता मागे मागे चला: ठेल्यावर कोणी आणली? त्याच्या आधी गाडीत कोणी भरली? झाडावरून कोणी तोडली? चार वर्षांच्या मुलाला तीन माणसं मागे जाता येतं, त्यापलीकडे नाही. मार्चमध्ये कूलरवाले भाऊ येतात. जुनी खस काढून नवी बसवतात, पाणी सोडतात आणि ओल्या खसचा तो वास खोलीभर पसरतो. नागपूरच्या मुलाला हे काम उपयोगाचं आहे हे सांगावं लागत नाही, पंखा सुरू झाला की तो स्वतःच समोर जाऊन उभा राहतो.

घरच्या कामांबद्दल एक जपून सांगायचं आहे. माझी नोकरी नवी असताना मी मुलांना ‘बाबा कामावर असतानाचा फोटो आणा’ असं सांगितलं होतं. एका मुलीने काहीच आणलं नाही. मी दोन दिवस तिला आठवण करून देत राहिले. तिसऱ्या दिवशी तिची आजी आली आणि दाराशीच थांबून हळू आवाजात म्हणाली, “मॅडम, हिचे बाबा आमच्यात राहत नाहीत. कोणाचा फोटो देऊ?” ती मुलगी आजीच्या पदराआड उभी होती. मला आजही तो क्षण आठवला की वाईट वाटतं, कारण तिला त्या जागी मी आणून उभं केलं होतं. तेव्हापासून मी ‘बाबा काय करतात’ हा प्रश्न वर्गात विचारत नाही. मी विचारते, “तुझ्या घरी कोण काय काम करतं?” मग कोणी सांगतं आजी भाजी निवडते, आई चार घरी स्वयंपाक करते, मामा ऑटो चालवतो, दादा पाणी भरतो. सगळी कामं एकाच फळ्यावर, एकाच आकाराच्या चित्रात येतात. घरात होतं तेही काम आहे आणि त्याचे पैसे मिळत नसले तरी कोणीतरी दमतंच, हे मुलांना इथेच कळायला हवं. ‘मोठेपणी कोण होणार’ हेही या वयात विचारू नका. त्याचं उत्तर बहुतेक वेळा आईबाबांनी पाठ करून घेतलेलं असतं.

आणि तुमचा तो चार्ट नीट तपासा. बाजारात मिळणाऱ्या चार्टवर अजूनही डॉक्टर पुरुष, नर्स बाई, शिक्षिका बाई, पोलीस पुरुष असतात. त्याहून मला जास्त खुपते ती दुसरी गोष्ट: कितीतरी चार्टवर कामांची नावं म्हणून जातींचीच नावं छापलेली असतात. चप्पल शिवणाऱ्या माणसाच्या खाली जे लिहिलेलं असतं, ते आपल्याकडे शिवी म्हणूनही वापरलं गेलं आहे. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या शहरातल्या बालवाडीत तरी काम म्हणजे जन्म अशी गाठ आपण मुलांच्या डोक्यात बांधता कामा नये. चप्पल शिवणारे काका, मडकी करणाऱ्या काकू, केस कापणारे भाऊ असं क्रियापदाने म्हणा. मूल लगेच तसंच म्हणायला लागतं. कचरागाडी आली की ‘कचरावाला आला’ असं ओरडण्याची सवय वर्गापुरती तरी मोडा. गाडीवरच्या दादांना किंवा ताईंना एकदा थांबवून त्यांचं नाव विचारा, मुलांसमोर, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच नावाने नमस्कार करायला शिकवा. मग ओला-सुका कचरा वेगळा का करायचा हे सांगणं सोपं जातं, कारण ते आता ओळखीच्या माणसाच्या हातांबद्दलचं बोलणं असतं.

पोलीस आणि डॉक्टरांचा विषय घेण्याआधी पालकांची एक छोटी बैठक घ्या. जेवला नाहीस तर पोलीस पकडतील, रडलीस तर डॉक्टर सुई टोचतील, हे अनेक घरांत रोज चालतं. असं ऐकत वाढलेलं मूल जत्रेत हरवलं तर पोलिसापासून पळतं. पालकांना हे एवढ्याच शब्दांत सांगितलं तर बहुतेकांना पटतं. मुलांनी या वयात ११२ किंवा १०८ हे तातडीच्या मदतीचे नंबर पाठ करावेत असा आग्रह मी धरत नाही. आपलं पूर्ण नाव, आईचं नाव, वस्तीचं नाव सांगता यावं आणि हरवल्यावर गणवेशातल्या माणसाकडे किंवा लहान मूल सोबत असलेल्या बाईकडे जावं, हे खेळातून करून घ्या. अग्निशमन केंद्रात नेलंत तर भोंगा वाजवू नका असं आधीच सांगून ठेवा. हौसेने वाजवतात आणि मग अर्धी मुलं दोन रात्री झोपत नाहीत.

आता मुख्याध्यापिकांचं. त्यांची भीती खोटी नाही, बावीस लेकरांची जबाबदारी त्यांच्या नावावर आहे. म्हणून त्यांना ‘सहल’ म्हणू नका, ‘आठ मुलं, तीन मोठी माणसं, पाच मिनिटांचा रस्ता, दहा मिनिटं’ असं कागदावर लिहून द्या, सोबत रस्त्याचा हाताने काढलेला नकाशा. त्यांना धोरणाचा आधार हवा असेल तर तोही आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ३ ते ८ वर्षं हा पायाभूत स्तर मानला आणि २०२२ मध्ये आलेला त्या स्तराचा अभ्यासक्रम आराखडा खेळातून, अनुभवातून शिकण्यावरच उभा आहे. पण मी स्वतः त्यांना बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडकांचं सांगेन. १९४५ साली बोर्डीला त्यांनी काम सुरू केलं तेव्हा पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात भरली. आपल्याला तर फक्त कोपऱ्यावरच्या चक्कीपर्यंत जायचं आहे.

तरीही नाहीच म्हणाल्या, तर काकांनाच बोलवा. मात्र हात हलवत येऊ देऊ नका, त्यांचं काम सोबत येऊ दे. इस्त्रीवाले काका कोळशाची इस्त्री थंड करून आणतील, शिंपीकाकू कात्री आणि फीत आणून एखाद्या बाहुलीचं माप घेतील. नुसतं बसून बोलणारा पाहुणा मुलांसाठी पाच मिनिटांत संपतो.

सुरुवात या शनिवारी करा. दुपारी मोकळ्या वेळेत घरचा गव्हाचा डबा घेऊन चक्कीवर जा, रिकाम्या हाताने नको. दळण होईपर्यंत उभ्या राहा, पट्टा कुठे आहे ते बघा, पीठ पडायला लागलं की हात पुढे करा आणि काकांना विचारा, सोमवारी सात मुलं आणली तर चालेल का?